फोन चालू राहिला

"बिचारा आहे हो तो," कानात कोणीतरी म्हणालं, आणि तारेच्या टोकाचा कनेक्टर पुसता पुसता त्याचा हात थांबला. आवाज मास्तरचा होता. म्हणजे दचकण्यासारखं काही नव्हतं. मास्तरच्या लेखी निम्मं जग बिचारं होतं. आता कोणाची हजेरी घेतली जातेय ते फुकटात ऐकायला मिळणार म्हणून त्याला आधी गंमतच वाटली. त्यानं कानातलं फोनचं बटण जरा आत दाबून बसवलं. दोन इमारतींच्या मध्ये एक रस्ता आणि दोन कुंपणं होती. या इमारतीच्या गार दालनात तो बुटक्या स्टुलावर बसला होता, पलीकडच्या तसल्याच दालनात मास्तर. मधे जमिनीखालून, गेले काही महिने त्या दोघांनीच उभं राहून नळ्यांतून ओढून घेतलेली केबल होती, आणि तिच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या तारा, प्रत्येकीला आपापला रंग. एकानं इकडून प्रकाश सोडायचा, दुसऱ्यानं तिकडे मीटरवर तो किती पोचला ते वाचायचं. त्यासाठी सकाळी एकदा फोन लावायचा आणि काम संपेपर्यंत तोडायचा नाही. मधे कोणी आलं की मास्तर फोन रॅकवर ठेवून जायचा आणि परत आला की "हां, बोल" म्हणायचा. तोवर पंख्यांची घरघर ऐकत बसायची त्याला सवय होती. त्या घरघरीतून माणसं कधी ऐकू आली नव्हती. आज मास्तरनं फोन बहुतेक खिशातच टाकला होता.

"पण हात चांगला आहे त्याचा," हे साहेब बोलत होते. त्यांच्या आवाजात कायम सर्दी असायची. "जोड सुरेख करतो. तुमच्या दोघांपैकी एकालाच ठेवायचंय मला, म्हणून विचारतोय."

"हात आहे, साहेब. लक्ष नाही." मास्तर थांबला. नंतर त्याचा आवाज खाली आला आणि त्यामुळे जास्तच स्पष्ट झाला. "तुमच्यापुरतं ठेवा हं. त्याची बायको मध्यंतरी घर सोडून गेली होती. आली परत, नाही असं नाही. पण हा अजून घरी गेला की आधी दाराशी तिच्या चपला आहेत का ते बघतो. चपला दिसल्या तर बेल वाजवतो." साहेब हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. "मग काय तर!" मास्तर म्हणाला. "असा माणूस रात्रपाळीला इथं एकटा ठेवणार का तुम्ही? निम्मा जीव घरी."

"अरेरे. पण गेली कशामुळे?"

"डोकं फिरलं होतं तिचं, असं तोच म्हणाला."

हा बिचारा म्हणजे आपण, हे त्याला 'चपला' या शब्दाला कळलं होतं. तरीही पुढचं सगळं त्यानं कोणा तिसऱ्याबद्दल ऐकावं तसं ऐकलं. शब्द कळत होते, लागत नव्हते. हातातला कनेक्टर त्यानं पुन्हा पुसला. पुसलेलाच होता. दालन इतकं गार होतं की बोटांची पेरं पांढरी पडायची. पण कानाच्या पाळ्या मात्र भाजल्यासारख्या झाल्या. खरं म्हणजे त्याला राग यायला हवा होता. त्याला लाज वाटत होती, आणि तीही मास्तरची नाही, साहेबांची. उद्या साहेब समोर येतील आणि त्याच्या पायांकडे बघतील असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

मास्तरला मास्तर म्हणायचं कारण म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची त्याची खोड. शाळेशी त्याचा संबंध फक्त पळून जाण्यापुरता होता, असं तो स्वतःच सांगायचा. कित्येक वर्षं ते दोघं अशी दोन टोकांना बसत आले होते. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी... तारांचे रंग पुकारत. समोरासमोर येणं व्हायचं ते जेवणाच्या सुट्टीत, आणि तेव्हा दोघांनाही काय बोलावं कळायचं नाही. मास्तर डब्यात बघून जेवायचा, हा भिंतीकडे बघून. बोलणं कानात बटण घातल्यावर सुरू व्हायचं. बायकोशी झाला नसेल एवढा त्याचा मास्तरशी संवाद झाला होता, आणि त्यात निम्मे रंग होते.

बायकोचं मास्तरला सांगितलं तेव्हाही असंच झालं होतं. दुसरीच एक इमारत होती, यंत्रं यायची होती, रिकामं दालन. दुपारची वेळ, जेवण अंगावर आलेलं. मास्तर तिकडून आकडे वाचत होता आणि हा 'हं' म्हणत होता. हिरवा झाला, तपकिरी झाला, आणि तपकिरीच्या पाठोपाठ त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझी बायको मध्ये काही महिने घरात नव्हती." समोर माणूस नव्हता म्हणून बोलता आलं. मग रंगांच्या मधे मधे तो सांगत गेला. एका सकाळी ती बहिणीकडे जाते म्हणाली आणि आलीच नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी होती, तिला 'मावशीला बरं नाही' असं सांगितलं. शेजाऱ्यांनाही तेच. मेहुणीच्या घरी एकदा गेला, तर मेहुणीनं दारातच 'ती झोपली आहे' असं सांगितलं, भर अकरा वाजता. मग एका दुपारी ती परत आली, भाजीची पिशवी हातात घेऊन, जशी काही कोपऱ्यावरच गेली होती. तो म्हणाला, "आलीस?" ती म्हणाली, "हो." त्यानं चहा टाकला. एका शब्दानं काही विचारलं नाही. चपलांचंही त्यानंच सांगितलं होतं, हसत; स्वतःवर हसायची त्याला तेवढीच एक गोष्ट सापडली होती. मास्तर सगळं ऐकून फक्त "हं" म्हणाला होता, आणि थोड्या वेळानं, "राखाडी घेऊ या?" किती सभ्य माणूस, असं त्याला वाटलं होतं. घरी जाताना त्याचं अंग हलकं झालं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यानं मास्तरला जेवायला बोलावलं.

न विचारण्याचा त्याला मनातून अभिमान होता. दुसरा कोणी असता तर कुठं होतीस, कोणाबरोबर होतीस करून घर डोक्यावर घेतलं असतं. आपण चहा टाकला. यात काहीतरी मोठेपणा आहे, असं तो इतकी वर्षं धरून होता, आणि मास्तरला ते सांगताना त्याला ऐकवायचं होतं ते खरं म्हणजे एवढंच. मास्तरनं नेमकं तेवढंच साहेबांना सांगितलं नव्हतं.

"हां, बोल रे." खिशातून फोन निघाल्याची खरखर झाली. "साहेब आले होते. उगाच, आपली चौकशी. कुठं होतो आपण?"

"जांभळा."

"जांभळा. सोड."

त्यानं प्रकाश सोडला. मास्तरनं आकडा वाचला. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं त्याला नवल वाटलं आणि थोडा रागही आला. पुढचा गुलाबी. गुलाबीचा आकडा वाईट आला. प्रकाश निम्माही पोचत नव्हता.

"टोकाला कचरा बसला असेल," मास्तर म्हणाला. "बघतो. बंद आहे ना तुझ्याकडून?"

हा प्रश्न मास्तर दिवसातून कितीतरी वेळा विचारायचा आणि हा कितीतरी वेळा 'बंद' म्हणायचा. तारेच्या टोकावरची धूळ बघायला कंपनीनं पडद्यावर चित्र दाखवणारी नवी दुर्बीण दिली होती, पण मास्तरला आपली जुनीच बरी वाटायची, थेट डोळ्याला लावायची. आणि या महिन्यात याच्या टोकाला खरी यंत्रं येऊन बसली होती. त्यांचा प्रकाश तपासणीच्या दिव्यापेक्षा कितीतरी जोरदार, आणि डोळ्याला तर दिसतच नाही. मीटर काढून दुर्बीण लावली की आत प्रकाश आहे की नाही हे बघणाऱ्याला कळायचा एकच मार्ग होता, पलीकडच्याला विचारणं. डोळ्याच्या आत जळतं तेव्हा दुखतही नाही म्हणे. नंतर कधीतरी वाचताना अक्षराच्या मधोमध भोक दिसायला लागतं.

त्यानं उत्तर दिलं नाही. ठरवून नाही, नेहमीचा शब्द आला नाही, एवढंच. त्याचा अंगठा प्रकाशाच्या बटणाजवळ होता, रोज असतो तसा. बटण बंद होतं, त्यानं ते मघाशीच बंद केलं होतं आणि तारेच्या तोंडावर टोपणही घातलं होतं. पण हे फक्त त्याला माहीत होतं. पलीकडे मास्तर दुर्बीण धरून उभा असेल, मान जरा तिरकी, एक डोळा मिटून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला जाणवलं की हा माणूस रोज आपला डोळा त्याच्या एका शब्दावर ठेवत आलाय. ही जाणीव गोड होती. त्या गोडीचीच त्याला किळस आली, तरी ती त्याला सोडवेना.

"अरे, बंद आहे ना?"

पंख्यांची घरघर. इकडची आणि तिकडची, दोन्ही.

"बंद आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

नक्की, असं मास्तरनं कधी विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्याच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो गप्प झाला. त्या गप्प बसण्यात तो मागं मागं जात असणार. साहेब आले, फोन खिशात टाकला, काय काय बोललो.

"मघाशी..." मास्तर म्हणाला, "मघाशी फोन चालू होता का रे?"

"चालूच असतो."

मग मास्तरचा आवाज, पण दुसरीकडे तोंड करून, दालनातल्या कोणाला तरी, "अहो, ती पडद्यावाली दुर्बीण आहे ना, ती जरा द्या बरं इकडे."

म्हणजे त्यानं डोळा लावला नाही. खरं सांगूनही लावला नाही. साहेबांपुढे काढलेल्या वाभाड्यांपेक्षा हे त्याला जास्त झोंबलं. आपण असं काही करू, असं मास्तरला वाटू शकतं! मग लगेच वाटलं, अंगठा होताच की तिथं. गप्प राहिलोच की आपण.

"कचराच होता," थोड्या वेळानं मास्तर म्हणाला. आणि नंतर, घसा साफ करून, "हे बघ, रात्रपाळी तुला झेपली नसती. तुझ्या भल्यासाठीच..."

"आकाशी," तो म्हणाला. "सोडतोय."

घरी जाताना तो चालत गेला. बसमध्ये कोणाच्या तरी अंगाला अंग लागणं त्याला नको होतं. रस्त्याकडेला कोणीतरी नवा खड्डा खणून ठेवला होता आणि त्यातून नळ्यांची तोंडं वर आली होती. एरवी तो डोकावून बघायचा, कोणाचं काम आहे म्हणून. आज त्याच्या डोक्यात वाक्यं तयार होत होती. मास्तरला सुनवायची, साहेबांना सुनवायची, एकाहून एक सरस, आणि त्या सगळ्या वाक्यांच्या शेवटी बायको त्याच्या बाजूनं उभी होती. तिला सांगितलं पाहिजे. दाराशी आज खाली बघायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि ठरवल्यामुळे तो तिथं नको इतका वेळ ताठ मानेनं उभा राहिला. आतून नळाचा आवाज येत होता. त्यानं बेल वाजवली.

ती मटार सोलायला बसली. तो समोर बसला आणि बूटसुद्धा न काढता सांगायला लागला. मास्तरनं कसा केसानं गळा कापला, एकच जागा होती, ती स्वतःला मिळावी म्हणून साहेबांपुढे काय काय बोलला, आणि वर म्हणतो तुझ्या भल्यासाठी. ती ऐकत होती. "मेला गोडबोल्या," ती मधे म्हणाली, आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

"पण बोलला काय नेमकं?"

"काही नाही गं. आपलं घरचं."

"घरचं काय?"

"ते... तू मध्ये गेली होतीस ते."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे काढले, साल बाजूला ठेवली. मग हात मांडीवर ठेवले.

"त्यांना कसं माहीत?"

हा प्रश्न येणार, हे त्याला रस्ताभर सुचलं नव्हतं. इतकी वाक्यं सुचली होती.

"मीच बोललो होतो. एकदा. असंच, बोलता बोलता."

"कधी?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"म्हणजे ते आपल्याकडे जेवायला आले त्याच्या आधी." ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्या दिवसाकडे बघत होती. "मी त्यांना आग्रह करून वाढत होते. ते 'पुरे वहिनी, पुरे वहिनी' करत होते. आणि त्यांना माहीत होतं." ती जरा थांबली. "तुलाही माहीत होतं, की त्यांना माहीत आहे. मी एकटीच होते तिथं."

"अगं, मी विश्वासानं..."

"का गेले म्हणून सांगितलंस?"

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

"काहीतरी सांगितलं असशीलच. नुसतं गेली म्हटल्यावर माणूस विचारतोच, का गेली."

"तब्येत बरी नव्हती म्हणालो. मन थाऱ्यावर नव्हतं. असंच काहीतरी."

"डोकं फिरलं होतं म्हणालास?"

मास्तरचा शब्द तिला कसा कळला हे त्याला कळेना. मग लक्षात आलं, तो शब्द मास्तरचा नव्हता.

"मग काय सांगणार होतो?" त्याचा आवाज चढला. "मला माहीत होतं का? तू सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून नाही विचारलं! दुसरा कोणी असता ना..."

ती हसली. असं हसताना त्यानं तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यात राग नव्हता, कंटाळा होता. "मी रोज वाट बघायचे," ती म्हणाली. "आल्यावर कितीतरी दिवस. तू चहाचा कप ठेवलास की वाटायचं, आता विचारेल. पेपर खाली ठेवलास की वाटायचं, आता. मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं, एका दमात सांगता यावं म्हणून. मग हळूहळू कळलं की तुला नकोच आहे. मी आहे ना घरात, बास. चपला आहेत, म्हणजे मी आहे."

चपलांचं तिला माहीत होतं. त्याला वाटलं होतं, ते फक्त त्यालाच माहीत आहे. आणि मास्तरला.

"आता सांग," तो म्हणाला. "विचारतोय मी. सांग."

"आता तू घाबरून विचारतोयस." ती उठली, हात धुतले, पुसले. "फोन दे तुझा."

"कशाला?"

"दे."

तिनं नाव शोधलं आणि फोन कानाला लावला. "भावजी, मी बोलतेय... नाही, नाही, ते बरे आहेत. समोरच आहेत. तुमच्याशी मलाच बोलायचंय. तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली गेली आहे, आणि तुम्ही ती पुढं सांगितलीत. निदान खरी तरी सांगत जा." एवढं ती त्याच्यासमोर बोलली. मग गॅलरीत गेली आणि मागं काचेचं दार ओढून घेतलं.

त्याला उठून तिथं जाता आलं असतं. दाराला कडी नव्हती. तो बसून राहिला. काचेपलीकडे ती बोलत होती, घाई न करता, जशी एखादी बाई आपल्या भावाशी बोलेल तशी. एका हातानं कुंडीतली वाळकी पानं खुडत होती. मधे तिनं दंडाला नाक पुसलं. मधे ती बराच वेळ गप्प होती, म्हणजे मास्तर काहीतरी विचारत असणार. आणि मग ती पुन्हा बोलायला लागली, मान हलवून, नाही, तसं नाही, असं. एकदा तर ती चक्क हसली. इतका वेळ सलग बोलताना त्यानं तिला कधी पाहिलं होतं हे त्याला आठवेना. बोलताना तिची हनुवटी वर जाते. लग्नानंतर पहिली काही वर्षं जायची. त्याच्या समोर मटार होते. त्यानं एक शेंग उचलली, मग दुसरी. बाहेर पूर्ण अंधार पडेपर्यंत त्यानं सगळे मटार सोलले आणि साली एका कागदात गुंडाळल्या.

ती आत आली. फोन त्याच्यासमोर ठेवला. तो गरम झाला होता.

"काय म्हणाला?"

"ऐकून घेतलं त्यांनी."

"आणि मला?"

"तुला काय?"

"मला नाही सांगणार?"

तिनं मटारांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. क्षणभर त्याला वाटलं, सांगेल. "त्यांना विचार ना," ती म्हणाली. "नाहीतरी दिवसभर दोघं बोलतच असता." आणि ती भांडं उचलून आत गेली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर काहीतरी करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन लागल्यावर मास्तर लगेच कामाला लागला नाही. पंखे ऐकू येत राहिले. "वहिनींचा फोन आला होता," तो म्हणाला.

"हो."

"मला माहीत नव्हतं रे." मास्तरच्या आवाजातला तो मास्तर कुठंतरी गेला होता. "खरंच माहीत नव्हतं. त्यांनी कसं काढलं असेल सगळं एकटीनं..."

एक शब्द पुरेसा होता. 'काय?' एवढा. तो ओठांपर्यंत आलाही. पण तो उच्चारला की मास्तरला कळणार होतं की बायकोनं नवऱ्याला अजूनही सांगितलेलं नाही. आणि मग मास्तर त्याला समजुतीच्या सुरात, एकेक शब्द निवडून, त्याच्याच घरातली गोष्ट सांगणार होता. ते ऐकण्यापेक्षा, सगळं माहीत असल्यासारखं गप्प बसणं बरं.

"जाऊ दे ते," तो म्हणाला. "सुरू करू या."

जागा शेवटी त्यालाच मिळाली. मास्तरनं साहेबांना जाऊन सांगितलं की परवा मी बोललो ते चूक होतं, याच्याइतका खंबीर माणूस तुम्हाला मिळणार नाही, आणि घरचं म्हणाल तर त्याच्या घरासारखं घर नाही. हे त्याला साहेबांनीच सांगितलं, खोकत खोकत, आणि बोलताना ते त्याच्या पायांकडे अजिबात बघत नव्हते. अभिनंदन म्हणून त्यांनी हात पुढं केला. कशाच्या जोरावर मिळाली हे त्याला ठाऊक नव्हतं. ती मिळवून देणारी गोष्ट मास्तरकडे आणि बायकोकडे होती, त्याच्याकडे नव्हती. घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं," आणि डबा किती वाजता लागेल ते विचारलं.

मास्तरचा शेवटचा दिवस होता तेव्हा तो फाटकापाशी थांबला होता, हत्यारांची पेटी पायाशी ठेवून. उजेडात तो त्याच्या आवाजापेक्षा म्हातारा दिसत होता. दोघांनाही नेहमीसारखं काय बोलावं कळेना. पुढचं काम कुठं आहे ते मास्तरनं सांगितलं, लांब होतं. मग त्यानं पेटी उचलली, दोन पावलं गेला आणि वळला.

"वहिनींना सांग..." तो म्हणाला. वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. त्यानं नुसताच हात वर केला.

"सांगतो," तो म्हणाला. काय सांगायचं, ते त्यानं विचारलं नाही.